साच्याने सोडलेली चूक, प्रकाशाने सावरलेली : कॉम्पॅक्ट डिस्कची कथा

१/ १७ ऑगस्ट १९८२. पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हरजवळ, लांगनहागनच्या पॉलिग्राम कारखान्यात 'ॲबा' या स्वीडिश गायकवृंदाच्या 'द व्हिजिटर्स'च्या सीडी तयार होऊ लागल्या. जग त्यांतल्या संगीताबद्दल बोलले. खरा पेच होता तो साच्यातला.

२/ ग्रामोफोनची सुई खाचेत बसे; खाच वळली की सुईही वळे. सीडीत लेसरला असा आधार नव्हता. सूक्ष्म खड्ड्यांच्या सर्पिल पथाच्या दोन फेऱ्यांत अंतर होते अवघे १.६ मायक्रोमीटर. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे चाळीसेक फेरे मावतात.

३/ ही नक्षी आधी काचेवरील प्रकाशसंवेदी थरावर लेसरने उमटे. तिच्यावरून निकेलचा ठसा घडे. तो साच्यात बसवून, सुमारे ३०० अंश सेल्सिअसला वितळवलेले पॉलिकार्बोनेट दाबाने आत सोडले जाई. थंड होताना तबकडी वाकली किंवा तिच्यात ताण राहिला, तर प्रकाशाचे वाचन बिघडे.

४/ सर्वांत नाजूक प्रश्न केंद्राचा. मधले छिद्र १५ मिलिमीटरचे, तेव्हाच्या डच १० सेंटच्या नाण्याएवढे. छिद्राचे आणि सर्पिलाचे केंद्र ५० मायक्रोमीटरनी जरी चुकले, तरी एका आवर्तनात पथ १०० मायक्रोमीटर आत-बाहेर झुले; म्हणजे साठाहून अधिक फेऱ्यांचे अंतर! आणि तबकडी तर सेकंदाला तीन ते आठ वेळा फिरणारी.

५/ शून्य चुकीचा साचा अशक्यच होता. म्हणून फिलिप्स आणि सोनी यांच्या १९८० च्या मानकाने चुकीची मर्यादा ठरवली आणि उरलेला भार वाचनयंत्रावर टाकला.

६/ अनेक यंत्रांत मुख्य किरणाच्या दोन बाजूंना दोन साहाय्यक किरण असत. त्यांच्या परावर्तनातील फरकावरून पथ कोणीकडे सरकला ते कळे आणि विद्युत्-वेटोळे भिंगाला तिकडे ओढे. अंतर बिघडले, तर चार भागांच्या प्रकाशसंवेदकावरील गोल ठिपका लंबगोल होई. भिंग लगेच वर-खाली सरके.

७/ १९९६ मध्ये डीव्हीडी आली तेव्हा फेऱ्यांमधील अंतर ०.७४ मायक्रोमीटरवर आले होते. साचे अधिक काटेकोर झाले; तरीही भिंगाला पथामागे धावणे चुकले नाही.