ऋणकोची वही



सन १८७५ च्या मे महिन्याची १२ तारीख. पुणे जिल्ह्यात, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यात मोडणाऱ्या सुपे या बाजाराच्या गावी आसपासचे कुणबी जमले व त्यांनी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर हल्ला केला. धान्याची, कापडाची लूट झाली. परंतु जमावाचा खरा डोळा होता तो कर्जरोख्यांवर. हे लोण पुढे अहमदनगर जिल्ह्यातही पसरले. ज्या सावकाराने कागद निमूटपणे स्वाधीन केले, त्याच्या अंगास बहुधा कोणी हात लावला नाही. कागद मात्र जाळण्यात आले. इतिहासात यासच ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात.

कुणबी एवढा कर्जात बुडाला कशाने? त्या काळच्या शहाण्यांपाशी उत्तर तयार होते : लग्नकार्यांतील उधळपट्टीने! पण सरकारने नेमलेल्या चौकशी मंडळास हे उत्तर पटले नाही. लग्नाचा खर्च ऐपतीच्या मानाने मोठा खरा, तथापि तो प्रसंग क्वचित येतो. कर्जाचा डोंगर वाढतो तो पोटासाठी, बियाण्यासाठी, बैलांसाठी आणि सरकारी साऱ्यासाठी पुनःपुन्हा काढलेल्या लहानसहान रकमांनी, असा त्याचा अभिप्राय पडला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाचे भाव चढले व कर्ज सहज मिळू लागले. युद्ध संपले, भाव कोसळले. त्यातच सारावाढ झाली. हात आखडला, देणे मात्र राहिले.

त्यात रोख्याची खुबी ऐका. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावरील दाव्यास तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू कुळाच्या हिताचा. परिणाम उलटा झाला. मुदत भरत आली की सावकार थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेई. मी वर्गात हे उदाहरण फळ्यावर मांडीत असे. शंभर रुपये, दरमहा दर शेकडा दोन रुपये व्याज. तीन वर्षांनी रोखा १७२ रुपयांचा, सहा वर्षांनी सुमारे २९६ चा आणि नऊ वर्षांनी ५०८ च्या वर! मुद्दलाहून अधिक व्याज एका वेळी घेऊ नये, हा दामदुपटाचा जुना नियमही येथे लंगडा पडे. कारण कालचे व्याज आज मुद्दल म्हणून मिरवत असे.

आणि हा सारा हिशेब कोठे? सावकाराच्या वहीत. कुणब्यास अक्षरओळख नव्हती. आपले देणे किती, हे तो दुसऱ्याच्या तोंडून ऐके. म्हणूनच १८७९ च्या दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कायद्याने न्यायाधीशास रोख्यामागील मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला आणि कुळास पावती, वार्षिक हिशेब व पासबुक मागण्याचा हक्क दिला.

आपण तर लिहितेवाचते. तरी माझीच गोष्ट सांगतो. नोकरीच्या आरंभी वाण्याकडून उधारीने जिन्नस येत. लग्नाचे कर्ज मी तीन वर्षांत फेडले, कारण तो आकडा मला तोंडपाठ होता. वाण्याची बाकी मात्र सात वर्षे हटेना! अखेर आमच्या कुटुंबाने एक चाळीस पानी वही घातली व आलेला प्रत्येक जिन्नस त्याच दिवशी टिपण्यास आरंभ केला. महिनाअखेर दोन्ही वह्या ताडून पाहिल्या. वाण्याचा हिशेब पैपैशाला चोख निघाला! लबाडी होती ती आमच्या विसरण्यात. गुरुजी म्हणवून घेणाऱ्या मला त्या दिवशी मान खाली घालावी लागली. पुढल्या दीड वर्षात बाकी फिटली. पगार वाढला नव्हता, फक्त वही घरात आली होती.

आज वाण्याच्या वहीची जागा कार्डाने व मासिक हप्त्याने घेतली आहे. कार्डावरील बाकी पुढे ढकलली की व्याजावर व्याज चढते. म्हणजे रोखा तीन वर्षांनी नव्हे, दरमहा नवा होतो, आणि त्यावर आपला अंगठाही कोणी मागत नाही. सुप्याच्या कुणब्यास वही जाळावीशी वाटली, कारण ती त्याला वाचता येत नव्हती. आपणांस ती येते. तेव्हा आज रात्री जेवणे आटोपल्यावर घरातील सर्वांनी एकत्र बसून एवढेच करावे : कोणाचे किती देणे आहे, ते आपल्या हाताने एका कागदावर लिहावे.