विंधन, भंजन, नियमन

म्हसावदला तेल निघत नाही. शहाद्याहून तोरणमाळकडे जाताना लागणाऱ्या या गावात जमीन खोलवर पोखरली जाते ती पाण्यासाठी. त्या भोकाला लोक ‘बोअर’ म्हणतात, सरकारी कागद ‘विंधन विहीर’ म्हणतो. ‘विंधन’ ऐकायला कचेरीत घडवल्यासारखा वाटतो, पण आहे फार जुना. संस्कृत ‘व्यध्’ धातूपासून प्राकृतातून ‘विंधणे’ आले. ‘वेध’ आणि ‘व्याध’ हे त्याचेच सोयरे. बाणाने हरीण विंधायचे, तसा इथे खडक विंधायचा.

पश्चिमेला गुजरातेत अंकलेश्वरला 1960 साली जे लागले, त्याला आपण ‘तेल’ म्हणतो. ‘तैल’ म्हणजे मुळात तिळाचे. इंग्रजीतल्या ‘ऑइल’च्या मुळाशी ऑलिव्हचे फळ आहे आणि ‘पेट्रोलियम’ म्हणजे खडकातले तेल. त्याच अर्थाच्या ‘रॉक ऑइल’चे मराठी तोंडात ‘रॉकेल’ झाले. ज्याने त्याने आपल्या घाण्यातल्या तेलाचे नाव दगडातल्या तेलाला दिले.

तेल-वायूच्या विहिरींतले ‘फ्रॅकिंग’ वर्तमानपत्रांतून आपल्या ओळखीचे झाले. किलोमीटर-दोन किलोमीटर किंवा त्याहून खोलवर पाणी, वाळू आणि रसायने प्रचंड दाबाने घुसवून खडक फोडायचा, असे ते काम. महाराष्ट्राची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आटलेल्या विंधन विहिरींवर याच तत्त्वाचा लहान प्रयोग करते, आणि त्याला सुंदर नाव आहे : जलभंजन. पाइपांना जोडलेला रबरी पॅकर बोअरमध्ये सोडतात, तो फुगून भोक घट्ट बंद करतो, आणि त्याखाली पंपाने पाणी दाबतात. दाबमापकाचा काटा चढत जातो आणि एकदम खाली येतो. काटा पडला की समजायचे, खालची भेग मोकळी झाली. इथे रसायने नसतात. तापीकाठच्या गाळात याचा उपयोग नाही. बसाल्टसारख्या कठीण खडकाचेच हे काम. ‘भंजन’ ज्या ‘भञ्ज्’ धातूचे, त्याचेच ‘भंग’ आणि त्याचाच ‘अभंग’. खडक अभंग राहिला तर पाणी मिळत नाही, म्हणून त्याचे भंजन.

मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो तिसरा शब्द. ‘नियमन’ आले ‘यम्’ धातूपासून : आवरणे, लगाम धरणे. ‘यंता’ म्हणजे सारथी. ‘संयम’ही त्यातलाच आणि ‘यंत्र’सुद्धा. खडक फोडणारे यंत्र आणि त्याला आवरणारा नियम, दोघांचे मूळ एक! आज आवरण्याचा हा पहिला अर्थ यंत्रातून पार पुसला गेला आहे, आणि कायद्यातूनही तो पुसला जाऊ नये, ही माझी कळकळ आहे.

तेलाच्या कायद्याचे नाव बघा : तेलक्षेत्रे (नियमन व विकास) अधिनियम, 1948. आधी नियमन, मग विकास. 2025च्या दुरुस्तीने त्यात शेल तेल-वायूही ‘खनिज तेला’च्या व्याख्येत आले, आणि ‘खाणपट्ट्या’ची जागा ‘पेट्रोलियम पट्ट्या’ने घेतली. ‘पट्टा’ हा ‘पट्ट’चा, म्हणजे ज्या ताम्रपटावर राजे दान कोरून देत त्याचा वंशज. देणारा राजा होता, आता सरकार आहे. तेल सरकारचे, म्हणून पट्ट्याशिवाय कुणी एक भोकही पाडू शकत नाही.

पाण्याचे तसे नाही. महाराष्ट्राच्या 1993च्या भूजल कायद्याच्या नावात ‘विनियमन’ होते. त्याच्या जागी आलेला 2009चा अधिनियम ‘विकास व व्यवस्थापन’ म्हणतो. नावातून लगाम गेला, विकास पुढे आला. 60 मीटरपेक्षा जास्त खोलीच्या विहिरींवर निर्बंध घालण्याची तरतूद त्यात आहे, तो 1 जून 2014पासून लागूही आहे. पण इकडच्या केळी-पपईच्या पट्ट्यात विंधनाची रिग उभी राहते तेव्हा त्या मापाची आठवण कुणाला असते? जमिनीखालचे तेल देशाचे मानले, तर त्याच खडकातले पाणी फक्त शेताच्या मालकाचे कसे? कायद्याच्या नावात ‘नियमन’ परत यायला हवे, आणि तेही विकासाच्या आधी.

तोवर एवढे तरी करा. 1993च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून 500 मीटरचे अंतर सांगितले होते. नवी बोअर विंधण्याआधी गावच्या पिण्याच्या विहिरीपासून ते अंतर मोजून बघा, आणि कमी भरले तर रिगवाल्याला परत पाठवा.