टाळेबंदीतील पावले



इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह आपल्या डोळ्यांसमोर उभे राहतात. परंतु एका साथीने माणसांचे चालणेफिरणे कसे बदलले, हाही इतिहासच होय. तो आपण सर्वांनी भोगला आहे. म्हणून आठवणी ताज्या आहेत तोवर लिहून ठेवणे बरे.

22 मार्च 2020 रोजी जनता कर्फ्यू झाला आणि 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. आरंभी ती 21 दिवसांची होती. पुढे वाढत वाढत 31 मेपर्यंत गेली. प्रवासी गाड्या थांबल्या आणि गोंदियाचे गजबजलेले जंक्शन ओस पडले. शाळा व देवळे बंद झाली. 28 मार्चपासून दूरदर्शनवर जुनी ‘रामायण’ मालिका पुन्हा सुरू झाली आणि घरेच्या घरे पडद्यासमोर बसली. मुलांचे खेळ मोबाइलात शिरले.

मग घरातील स्त्रीही बसली काय? छे! सारे कुटुंब घरी असल्याने तिचे काम दुपटीने वाढले. परंतु भाजीबाजार, देवदर्शन, भजन, शेजारणीकडची फेरी, ज्या निमित्तांनी तिचे पाय मोकळे होत, ती सारी निमित्ते गेली. ओट्याशी तासन् तास उभे राहिल्याने पाय दुखतात खरे, पण चालणे घडत नाही.

आपल्या जिल्ह्यात सर्वांचीच पावले थांबली नव्हती. मोहफुले वेचण्याचे व तेंदूपाने तोडण्याचे ते दिवस. 16 एप्रिलच्या केंद्रीय आदेशाने आदिवासी व वननिवासी बांधवांना गौण वनोपज गोळा करण्याची मुभा मिळाली. पावसाळ्यात बांधीतल्या चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या बायांना तर बसून कसे चालणार? आणि कोहमारा-देवरीवरून छत्तीसगडकडे जाणाऱ्या महामार्गाने पोरेबाळे कडेवर घेऊन घराकडे निघालेले मजूर! कोणी चालायला मिळत नाही म्हणून कष्टी, तर कोणी चालून चालून पाय फुटले म्हणून.

बैठे जीवन घातक, ही जाण नवी नव्हे. 1953 साली लंडनमध्ये जेरी मॉरिस या डॉक्टरांनी दाखवून दिले की, दिवसभर बसून बस हाकणाऱ्या चालकांपेक्षा जिन्यावरून चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. टाळेबंदीच्याच वर्षी, नोव्हेंबर 2020 मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांस आठवड्यात 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगितली. झाडणे-पुसणे यांसारखी अंगमेहनतीची घरकामेही तीत धरली जातात. शासनानेही 22 मेपासून रेड झोनबाहेर मोकळी मैदाने एकेकट्याने व्यायाम करण्यास खुली केली होती.

बंधने केव्हाच उठली. परंतु बसण्याची सवय पुष्कळ घरांत मागे राहिली. सामान दारी येते, गप्पा मोबाइलवर होतात. बाहेर पडण्याचे निमित्त आपणच निर्माण केले पाहिजे. दररोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, शेजारणीला हाक मारून सोबत चालावे. 150 मिनिटे सहज भरतात. दार बंद असताना ज्या फेरीसाठी जीव तळमळला, ती दार उघडे असताना चुकवू नये, एवढेच सांगणे.