र्‍युक्यू एर कम्युटर

र्‍युक्यू एर कम्युटर ही जपानच्या ओकिनावा प्रांतातील प्रादेशिक विमानवाहतूक कंपनी आहे. तिचे मुख्यालय व प्रमुख तळ नाहा येथे आहे. जपान ट्रान्सओशन एर या कंपनीची ती उपकंपनी असून या नात्याने ती जपान एरलाइन्स समूहात मोडते. मोठ्या जेट विमानांना न परवडणाऱ्या लहान बेटांना प्रवासी व मालवाहतूक सेवा पुरवणे, हे तिचे मुख्य कार्य आहे.

पार्श्वभूमी

ओकिनावा प्रांतातील बेटे पूर्व-पश्चिम सुमारे १,००० किमी अंतरात विखुरलेली आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर १९७२ पर्यंत हा प्रदेश अमेरिकेच्या प्रशासनाखाली होता. याच काळात, १९६७ मध्ये, जपान एरलाइन्स व स्थानिक उद्योजकांनी मिळून साउथवेस्ट एर लाइन्स ही कंपनी स्थापन केली. १९९३ मध्ये तिचे जपान ट्रान्सओशन एर असे नामांतर झाले. तत्पूर्वी १९८५ मध्ये लहान बेटांसाठी र्‍युक्यू एर कम्युटरची स्थापना झाली होती. उपकंपनीचे बहुसंख्य समभाग जपान ट्रान्सओशन एरकडे असून ओकिनावा प्रांत व बेटांवरील स्थानिक स्वराज्य संस्थाही भागधारक आहेत. मूळ कंपनी बोइंग ७३७ विमानांनी अधिक रहदारीचे मार्ग चालवते, तर उपकंपनी पंखे असलेल्या टर्बोप्रॉप विमानांनी छोट्या धावपट्ट्यांवर उतरते.

मार्ग

नाहाहून कुमेजिमा, योनागुनी, मिनामी-दाइतो, किता-दाइतो इत्यादी बेटांना उड्डाणे होतात. मियाको-तारामा व इशिगाकी-योनागुनी हे बेटांना परस्परांशी जोडणारे मार्ग आहेत. योनागुनी हे जपानचे सर्वांत पश्चिमेकडील बेट असून तैवानपासून ते सुमारे ११० किमीवर आहे. मिनामी-दाइतो व किता-दाइतो यांच्या विमानतळांत जेमतेम १३ किमी अंतर आहे. त्यांमधील उड्डाण दीर्घकाळ जपानमधील सर्वांत आखूड नियमित उड्डाण म्हणून ओळखले जात असे.

विमाने

प्रारंभीच्या काळात नऊ आसनी ब्रिटन-नॉर्मन आयलंडर व पुढे डॅश ८ प्रकारची विमाने वापरात होती. २०१६ पासून डॅश ८ क्यू४०० विमानाचा प्रवासी-माल असा संयुक्त प्रकार सेवेत आला. हा प्रकार वापरणारी ही जगातील पहिली कंपनी होय. नेहमीच्या रचनेत सुमारे ७४ प्रवासी नेणाऱ्या या विमानात येथे केवळ ५० आसने ठेवून मागील भागात मालासाठी मोठा कक्ष केला आहे. उत्पन्न देणारी आसने कमी करून मालाला जागा देण्याचा हा निर्णय बेटांची खरी गरज दाखवतो.

बेटांच्या जीवनातील स्थान

नाहाच्या पूर्वेस सुमारे ३६० किमीवरील मिनामी-दाइतो बेटाचा किनारा उभ्या कड्यांचा आहे. तेथे जहाज धक्क्याला नीट लागू शकत नाही. त्यामुळे उतारूंनाही पिंजऱ्यात बसवून यारीने उतरवावे लागते. समुद्र खवळला की जहाजाची फेरी रद्द होते आणि ताजे अन्न, टपाल व औषधे यांसाठी विमानाचाच आधार उरतो. जहाजाचा रात्रभराचा प्रवास विमानाने सुमारे एका तासात होतो. दोन्ही दाइतो बेटांवर उच्च माध्यमिक शाळा नाही. त्यामुळे पंधराव्या वर्षी मुलांना शिक्षणासाठी घर सोडावे लागते आणि घरी येण्याजाण्याचे भाडे हा कुटुंबांच्या चिंतेचा विषय ठरतो. बेटांवरील रहिवाशांना प्रांताच्या योजनेतून भाड्यात सवलत मिळते.

मर्यादा

लोकसंख्या अल्प असल्याने अनेक मार्ग केवळ तिकिटांच्या उत्पन्नावर चालणे कठीण असते. अशा मार्गांना शासकीय साहाय्य दिले जाते. तरीही सर्व मार्ग टिकले नाहीत. ८०० मीटर धावपट्टीच्या हातेरुमा व आगुनी बेटांची कंपनीची सेवा अनुक्रमे २००७ व २००९ मध्ये बंद झाली. हातेरुमाला इशिगाकीहून वेगवान बोटी जातात. तरी हिवाळ्यातील उसळत्या समुद्रात त्या फेऱ्याही वारंवार रद्द होतात. आर्थिक तोटा व दळणवळणाची निकड यांतील हा पेच बेटांवरील विमानसेवेचा मूळ प्रश्न आहे.