आठ टक्क्यांची मोकळीक

वाशीम, मानोरा, कारंजा या भागात लग्नसराईत वरातीच्या गाडीवरचा डीजे ऑपरेटर कधी काम करताना पाहावा. मिक्सरच्या बाजूला डेकवर एक उभी सरकपट्टी असते. सगळे तिला 'पिच' म्हणतात. आपल्याकडे ओढली की गाणे चढते, पलीकडे ढकलली की उतरते. एक गाणे संपत आले की दुसरे कानातल्या हेडफोनवर सुरू होते आणि त्याचा ठोका पहिल्याच्या ठोक्यावर बसेपर्यंत ऑपरेटरचे बोट या पट्टीवरून हलत नाही. नाचणाऱ्यांचे पाय न अडखळता गाणे बदलले, तर त्याचे श्रेय या पट्टीला आणि त्या बोटाला.

या पट्टीची पणजी चावीच्या ग्रामोफोनमध्ये सापडते. स्प्रिंग उलगडताना तबकडी आधी जोरात आणि मग मंद फिरू नये, म्हणून पेटीच्या आत गव्हर्नर असे. पातळ पोलादी पट्ट्यांवर बसवलेले शिशाचे गोळे वेग वाढला की बाहेर फाकत; त्यांना जोडलेली चकती सरकून चामड्याच्या गुटक्याला घासे आणि वेग आवरला जाई. तो गुटका मागेपुढे करणारा स्क्रू किंवा छोटी दांडी वर, तबकडीशेजारी असायची. तिची गरज खरीच होती, कारण सुरुवातीच्या तबकड्या एकाच वेगाने कोरलेल्या नसत. मिनिटाला ७८ फेऱ्यांचे माप १९२५ च्या सुमारास रुळले. त्याआधीच्या तबकड्या लावताना जाणकार आजही गायकाची पट्टी बाजाच्या पेटीवर पडताळतात आणि मग वेग ठरवतात.

गायकाची पट्टी आणि गाण्याची लय इथे एकाच दोरीने बांधलेल्या आहेत. तबकडी ६ टक्के जास्त वेगाने फिरवली की गाणे तेवढे जलद होते आणि पांढरी एकमध्ये गाणारा जवळजवळ काळी एकमध्ये जाऊन बसतो. ८ टक्के वाढवली तर त्याहूनही थोडा वर. म्हणूनच या सरकपट्टीचे नाव पिच पडले, जरी नाचणाऱ्यांना तिच्याकडून हवी असते ती लय.

न्यूयॉर्कच्या सँक्च्युअरी या क्लबमध्ये १९७० च्या आसपास फ्रान्सिस ग्रासो दोन तबकड्यांचे ठोके जुळवून गाणी अखंड वाजवत होता. त्या काळच्या बहुतेक टर्नटेबलमध्ये मोटरचा जोर रबरी पट्ट्याने किंवा चाकाने तबकडीपर्यंत जाई. बोटाने तबकडी थोपवली की वेग सावरायला वेळ लागे. जपानच्या मात्सुशिता कंपनीत शुइची ओबाता यांनी मोटरचा दांडाच तबकडीचा आस केला. ते थेट फिरणारे एसपी-१० १९७० मध्ये आले आणि १९७२ मध्ये घरी गाणी ऐकणाऱ्यांसाठी त्याच कंपनीचे टेक्निक्स एसएल-१२००. त्यावर वेग बदलायला गोल खुंटी होती. १९७९ च्या एमके-२ मध्ये खुंटीच्या जागी लांब सरकपट्टी आली: अधिक-उणे ८ टक्के, आणि मधोमध, शून्यावर, क्वार्ट्झच्या आधाराने पक्का धरलेला वेग. तबकडीच्या कडेवरच्या ठिपक्यांच्या चार ओळी लाल दिव्यात स्थिर दिसल्या की अधिक ६, अधिक ३.३, शून्य आणि उणे ३.३ हे टप्पे डोळ्यांनाही कळत.

खुंटीऐवजी सरळ पट्टी आणणे हा मला या इतिहासातला सर्वांत मोठा बदल वाटतो. अंधारात, नजर गर्दीवर ठेवून, पट्टी कुठे आहे हे बोटाला कळते. तिची लांबी सुमारे १० सेंटिमीटर, म्हणजे एका मिलिमीटरला ०.१६ टक्का. आज बाजारात मिळणाऱ्या लहान कंट्रोलरवर ६ सेंटिमीटरची पट्टी असली, तर तोच मिलिमीटर ०.२७ टक्का हलवतो. पल्ला अधिक-उणे १६ टक्क्यांवर ठेवला की त्याच्या दुप्पट. हे आकडे क्षुल्लक नाहीत. दोन गाण्यांत ०.१ टक्क्याचा फरक राहिला, तर मिनिटाभरात ठोके ६० मिलिसेकंदांनी सरकतात आणि एका ढोलाचे दोन ढोल ऐकू येतात. साध्या डिजिटल पट्टीला १२८ पायऱ्या असतात. अधिक-उणे ८ टक्क्यांच्या पल्ल्यात एक पायरी ०.१२५ टक्क्याची होते. चांगल्या यंत्रांत १६,३८४ पायऱ्या असतात, तिथे बोट थांबेल तिथे लय थांबते. यंत्र घेताना वॉट आणि बेसबद्दल सगळे विचारतात. पट्टीला पायऱ्या किती, हे आधी विचारावे. आणि वरातीच्या धुळीत पट्टीच्या खाचेवर झाकण ठेवावे, कारण आतल्या संपर्कावर माती बसली की आकडा आपोआप थरथरू लागतो.

गायकाची पट्टी आणि लय यांची दोरी पुढे सुटली. १९९४ च्या पायोनियर सीडीजे-५०० मध्ये 'मास्टर टेम्पो' आले: वेग बदलला तरी गायकाची पट्टी जागेवर. यंत्र आवाजाचे बारीक तुकडे करून ते एकमेकांवर चढवते किंवा लांबवते. गळ्याला ते मानवते; डफाची थाप मात्र फार ताणली की तिची धार जाते. डफ-हलगीच्या गाण्याला ते बंद ठेवावे, असे माझे मत आहे.

मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. तिथे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या बंजारा विरासत संग्रहालयाची इमारतच नगाऱ्याच्या आकाराची आहे. वाद्याला असा मान देणाऱ्या या समाजाच्या तांड्यावर होळीत लेंगी, म्हणजे होळीची गाणी, रंगते तेव्हा वाजवणारा नाचणाऱ्यांकडे पाहत लय हळूहळू चढवतो. हा अधिकार वाद्य वाजवणाऱ्याचा होता. ध्वनिमुद्रणाने तो काढून घेतला आणि गाणे एका वेगात बांधले. पिच स्लायडरने त्यातला थोडा, आठ टक्क्यांपुरता का होईना, परत दिला.

आता बहुतेक डेकवर 'सिंक'चे बटण असते, दाबले की सॉफ्टवेअर ठोके जुळवते. संगणकावर रचलेल्या रिमिक्सला ते चालते, कारण त्याचे बीपीएम, म्हणजे मिनिटाचे ठोके, पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत एकच. पण तांड्यावर प्रत्यक्ष वाजताना मुद्रित केलेल्या लेंगीत लय सुरुवातीला एक असते आणि शेवटी दुसरी. सॉफ्टवेअर सहसा तिच्यावर समान अंतराच्या रेघा मारते, त्या अर्ध्या मिनिटातच ठोक्यापासून दूर जातात. तेव्हा सिंक बंद करावे लागते, पट्टी मधल्या शून्यावर आणावी लागते, आणि डफ जसजसा चढेल तसतशी ती दुसऱ्या डेकवर आपल्याकडे ओढत राहावी लागते.