नौकाप्रतिकृतीचे फळीकाम

लाकडी जहाजाच्या प्रतिकृतीच्या सांगाड्यावर पातळ पट्ट्या शेजारीशेजारी चिकटवून तिचे अंग व डेक मढवण्याचे काम. बाजारी किटमध्ये सांगाडा बहुधा प्लायवुडचा असतो: मधोमध कणा आणि त्याला काटकोनात बसवलेले बल्कहेड. नाळेकडचे व पिछाडीचे बल्कहेड फळी बसण्याआधी कडेने तिरके घासावे लागतात. नाहीतर पट्टी नुसत्या धारेवर टेकते आणि बाहेरून खाचखळगे दिसतात. एक पट्टी नाळेपासून पिछाडीपर्यंत हाताने दाबून धरली की कुठे घासायचे राहिले ते लगेच कळते.

खरी अडचण भूमितीची आहे. जहाजाचे अंग मध्यभागी फुगीर आणि नाळेशी निमुळते, म्हणून एकाच रुंदीच्या पट्ट्या दोन्हीकडे पुरत नाहीत. समजा, मधल्या बल्कहेडची कड कागदाच्या पट्टीने मोजली तर १२० मिमी भरली आणि नाळेशी ७२ मिमी. मध्यभागी ५ मिमीच्या २४ पट्ट्या बसतात. त्याच २४ नाळेशी बसवायच्या तर प्रत्येकीचे टोक ३ मिमीपर्यंत उतरते करावे लागते. मोजमाप आधीच बल्कहेडवर पेन्सिलीने आखून ठेवलेले बरे. टोक अर्ध्या रुंदीखाली न्यायचे नाही, असा संकेत आहे. तशी वेळ आली तर एक फळी मध्येच थांबवून शेजारणीत खाच करून बसवतात. पिछाडीला उलट प्रकार होतो: तिथे जागा उरते आणि पाचरीसारखा जादा तुकडा घालावा लागतो. पट्टी जाडीच्या दिशेने सहज वाकते, रुंदीच्या दिशेने नाही. कोमट पाण्यात भिजवून शेक दिल्याने हा स्वभाव थोडा सैल पडतो, बदलत नाही. जबरदस्तीने वळवलेल्या पट्टीची एक कड उचलली जाते. फळ्या डावी-उजवीकडे आळीपाळीने चढवतात, कारण एकच बाजू आधी भरली तर कणा पिळवटतो.

बहुतेक किटमध्ये दोन थर असतात: खाली लाइम किंवा बासवुडचा सुमारे १.५ मिमी जाडीचा, वर अक्रोडासारख्या लाकडाचा पातळ. पहिल्या थरातले दोष लांबी भरून, काचकागदाने घासून झाकता येतात. नवशिक्यांना ही मोठी सवलत आहे. वरच्या थरासाठी मूळ जहाजाचेच लाकूड हवे असे नाही. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी सागवानात बांधलेले, १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरलेले ‘एच.एम.एस. त्रिंकोमाली’ आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे. त्याची प्रतिकृती करणाऱ्यानेही सागाचा हट्ट धरू नये. सागाचा पोत १:६४ प्रमाणात फारच ढोबळ दिसतो. पेअर किंवा बॉक्सवुड हे बारीक पोताचे लाकूड शोभते. सगळे अंग मढवलेच पाहिजे असेही नाही: सतराव्या शतकातल्या इंग्रजी नौदलाच्या ‘नेव्ही बोर्ड’ प्रतिकृतींमध्ये तर पाण्याखालचा भाग मुद्दाम उघडा ठेवत, म्हणजे फासळ्या दिसाव्यात.

डेकच्या फळ्या सरळ असल्याने काम सोपे वाटते, पण तिथली चूक वरूनच दिसते. २० फुटी फळी १:६४ प्रमाणात सुमारे ९५ मिमी होते. नाळ ते पिछाडी अखंड पट्टी घालणे म्हणूनच खोटे. शेजारच्या फळ्यांचे सांधे एका रेषेत येऊ देत नाहीत, तीन-चार फळ्यांनंतरच पुन्हा त्याच तुळईवर सांधा येतो. काठाच्या वळणदार फळीला भिडताना टोके सुईसारखी निमुळती न करता बोथट कापून खाचेत बसवतात, कारण अणकुचीदार टोकाला खिळा धरत नाही आणि फटीत भरलेला ताग टिकत नाही. ताग-डांबराची काळी रेघ दाखवायला फळीची कड मऊ पेन्सिलीने रंगवतात किंवा तिला काळा कागद चिकटवतात. खरी फट सेंटिमीटरभर धरली तरी या प्रमाणात ती ०.१५ मिमीच भरते. जाड काळा दोरा घातला की डेक पट्ट्यापट्ट्यांचा दिसू लागतो. लाकडी खुंट्यांसाठी बांबूची काडी छिद्रांच्या पट्टीतून ओढून ०.४ मिमीपर्यंत बारीक करतात. फिकट डेकवर त्या जेमतेम दिसाव्यात, एवढेच पुरे.