कोकणातल्या गाडीचा हीटर



परवा रात्री अमेरिकेहून भाचीचा फोन आला. तिकडे बर्फ पडतोय आणि तिच्या जुन्या गाडीत गरम हवा म्हणावी तशी येत नाही. सिग्नलला गाडी उभी असली की बरी येते, हायवेला लागली की कोमट. मी लगेच म्हटलं, "थर्मोस्टॅट बघायला सांग." तर ती हसायलाच लागली. "मामा, पेणला बसून तुला काय कळतं रे हीटरचं? तुमच्याकडे तर जानेवारीतही पंखा लागतो!"

प्रश्न रास्त आहे. पण मला ते कळतं, आणि का कळतं त्याचं कारण तिची आईच, म्हणजे आमची आक्का. फोनवर एवढं सगळं सांगता येईना, म्हणून इथे लिहितो. इतिहासाचा मास्तर असल्यामुळे जरा मागून सुरुवात करतो, सांभाळून घ्या.

गाडीतून प्रवास करताना थंडी वाजणं हे दुखणं मोटारीपेक्षा जुनं आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या रेल्वेत डबे गरम करायची सोय नव्हती. स्टेशनवर पत्र्याचे चपटे डबे मिळत, त्यात गरम पाणी भरलेलं असे. ते पायाखाली ठेवून माणसं प्रवास करीत. पुढे एका इंजिनिअरने त्या डब्यात पाण्याऐवजी सोडियम ॲसिटेट भरलं. हा क्षार गोठताना हळूहळू उष्णता सोडतो, त्यामुळे डबा जास्त वेळ गरम राहतो. (शाळेच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग दाखवता येतो, मुलांना फार आवडतो.) १८९३ मध्ये शिकागोच्या मार्गारेट विल्कॉक्स या बाईंनी 'कार हीटर'चं पेटंट घेतलं. नेटवर त्यांना सर्रास मोटारीच्या हीटरच्या जनक म्हणतात, पण त्या काळी 'कार' म्हणजे रेल्वेचा डबा, हे लक्षात ठेवलं पाहिजे. असो.

सुरुवातीच्या मोटारी उघड्याच होत्या. बसणारे कोट, कांबळी, हातमोजे घालून बसत. मग बंद गाड्या आल्या आणि इंजिनाच्या धुराच्या नळीवरची गरम हवा आत सोडण्याची युक्ती निघाली. ऊब यायची, पण नळीला भोक पडलं तर विषारी धूरही आत यायचा. १९२० च्या दशकाच्या शेवटी शेवटी दुसरा मार्ग रुळू लागला. इंजिन थंड ठेवायला जे पाणी त्याच्याभोवती फिरतं, तेच गरम पाणी एका छोट्या रेडिएटरमधून डॅशबोर्डच्या मागे फिरवायचं आणि त्यावरून पंख्याने वारा सोडायचा. अमेरिकेतल्या नॅश कंपनीने १९३८ मध्ये बाहेरची ताजी हवा गाळून, तापवून आत घेणारी पद्धत आणली. पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांत आजही मूळ गोष्ट तीच. हीटरला स्वतःची ऊब नसते, तो इंजिनाच्या जिवावर जगतो.

आणि इथे तो थर्मोस्टॅट येतो. रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवरचा हा छोटासा दरवाजा. इंजिन थंड असताना तो बंद असतो, पाणी इंजिनातल्या इंजिनातच फिरतं आणि लवकर तापतं. साधारण ८० अंशांच्या वर गेलं की दरवाजा उघडतो. त्यात वीज नाही, कॉम्प्युटर नाही. आत मेण असतं. मेण वितळलं की फुगतं आणि दांडी ढकलतं, बस्स. सर्जियस व्हर्ने या गृहस्थांनी १९३४ मध्ये हे मेणाचं यंत्र शोधलं. इतकी साधी आणि इतकी शहाणी वस्तू मी दुसरी पाहिलेली नाही.

आता आपल्याकडे येऊ. माझ्या पिढीला गाडी म्हणजे दोनच माहीत. एक उत्तरपाड्याची ॲम्बेसेडर आणि दुसरी कुर्ल्याची फियाट. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर कंपनी काढली, तिचीच फियाट पुढे पद्मिनी झाली. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हा पेपरात फोटो बघून मलाही चुकल्यासारखं झालं. या गाड्यांतून आपण प्रवास केला तो गरमीतच. आपली भीती थंडीची नव्हती, गाडी 'तापण्याची' होती. खोपोलीहून बोरघाट चढताना अमृतांजन पुलाच्या (तो २०२० मध्ये पाडला) अलीकडे-पलीकडे बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांची रांग ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. फडक्याने झाकण हळूच फिरवायचं, फुस्स करून वाफ उसळायची, मुलं लांब पळायची, मग डब्याने पाणी ओतायचं. डिकीत पाण्याचा कॅन असणं हे स्टेपनीइतकंच गरजेचं.

त्या पाण्यानेच खरा घोळ केला. कूलंट कोण घालतो? विहिरीचं, नळाचं, ओढ्याचं, जे हाताला लागेल ते पाणी. त्याने गंज धरायचा, क्षार साचायचे, रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजायच्या आणि थर्मोस्टॅट गंजून बंदच्या बंद अडकायचा. मग गाडी उकळणारच. गॅरेजवाला तो काढून टाकायचा आणि गाडी थंड राहायची. त्यावरून आपल्या मेकॅनिक लोकांनी निष्कर्ष काढला की ही वस्तू गोऱ्यांच्या थंड देशासाठी आहे, आपल्या हवेत तिचं काम नाही. नव्या गाडीतूनही तो उपटून फेकायची पद्धत पडली. यात अडाणीपणा होता असं मी म्हणणार नाही. घाटात बायकामुलांसह अडकलेल्या माणसाचा प्रश्न त्या क्षणी सुटत होता. पण इंजिन कायम अर्धवट थंड राहिल्याने पेट्रोल जास्त जातं, ऑइल लवकर खराब होतं, हे बिल मागाहून हळूहळू येतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. आणि हीटर मरतो. पण कोकणात हीटर लावतो कोण?

आम्ही लावला. जानेवारी २००९. आक्काचं पुण्यात ऑपरेशन झालं होतं. डिस्चार्जचे कागद हातात यायला संध्याकाळ झाली आणि तिने हट्ट धरला की रोह्याला आपल्या घरीच जायचं. माझी जुनी आठशे होती. पौड, मुळशी, ताम्हिणी, विळे, कोलाड, रोहा असा रस्ता धरला. मुळशीच्या धरणाच्या कडेने जाताना गारठा असा काही सुटला की विचारू नका. (याच धरणाचं पाणी खाली भिऱ्याला वीज करून कुंडलिकेतून रोह्याला येतं, हे मी वर्गात दरवर्षी सांगायचो.) आक्का मागच्या सीटवर शालीत गुंडाळलेली. तिला हुडहुडी भरली. दात वाजायला लागले. ही तिचे हात चोळत होती. "भाऊ, गाडीत हीटर असतो ना रे?" आक्काने विचारलं.

मी दांडा लाल खुणेकडे सरकवला, पंखा सोडला. आला तो नुसता वारा, धड गार नाही की गरम नाही. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. उलट त्या वाऱ्याने ती जास्तच कुडकुडायला लागली. शेवटी मी तो बंद केला. इतकी वर्षं त्या दांड्याला मी हात लावला नव्हता, याची त्या रात्री लाज वाटली.

पुढे एका टपरीवर उजेड दिसला. टपरीवाली बाई बंद करायच्या तयारीत होती. तिने काही न विचारता स्टोव्ह पुन्हा पेटवला, दोन प्लास्टिकच्या बाटल्यांत सोसवेल इतकं गरम पाणी भरून दिलं, आणि पैसे फक्त चहाचे घेतले. एक बाटली आक्काच्या पायाशी, एक कुशीत. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या इंग्लिश रेल्वेतला तोच उपाय! हे अर्थात मला नंतर सुचलं. तेव्हा मी फक्त रस्ता बघत होतो.

पुढच्या आठवड्यात पेणला एका तरुण मेकॅनिककडे गाडी नेली. माझाच जुना विद्यार्थी. त्याने आधी स्पॅनर उचलला नाही, प्रश्न विचारले. रेडिएटरमध्ये पाणी पुरेसं आहे का, ते बघितलं. दांड्याची केबल वॉल पूर्ण उघडते का, ते बघितलं. मग इंजिन चालू करून हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्यांना हात लावला. एक गरम आणि दुसरी गार असती तर आतला छोटा रेडिएटर तुंबलेला असता. दोन्ही सारख्याच होत्या. मग मला शेजारी बसवून वडखळपर्यंत गाडी पळवली. बाजारात उभी असताना हीटरची हवा चांगली गरम होती. हायवेला साठच्या वेगाने वारा लागला तशी ती कोमट झाली आणि डॅशबोर्डवरचा काटा खाली येऊन बसला.

"सर, पाणीच तापत नाय. यात वॉल नसणार बघा."

परत येऊन दोन बोल्ट सोडले. थर्मोस्टॅटची जागा रिकामी. फक्त गॅस्केट.

"कोणी काढला रे?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. आणि विचारता विचारताच आठवलं. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात घाटात गाडी उकळली होती, तेव्हा दुसऱ्या एका गॅरेजात मीच सांगितलं होतं, "काय करायचं ते कर, पण पुन्हा तापता कामा नये." त्याने ते केलं होतं, आणि गाडी खरोखरच पुन्हा तापली नाही. घरी येऊन पेट्रोलची वही काढली (मास्तरांच्या घरी अशा वह्या असतात). त्या मे महिन्यानंतर लिटरमागे दोन किलोमीटर कमी झालेले स्पष्ट दिसत होते. आकडे माझ्याच अक्षरात होते, ते एकदाही शेजारी शेजारी ठेवून पाहिले नव्हते.

नवा थर्मोस्टॅट बसवला, जुनं तांबूस पाणी काढून कूलंट भरलं, वर रेडिएटर साफ करून घेतला, नाहीतर पुन्हा घाटात तोच प्रकार. नळीत हवा अडकू नये म्हणून झाकण उघडं ठेवून इंजिन बराच वेळ चालू ठेवलं होतं, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. भाचीबाई, तुझ्या मेकॅनिकला हेही विचार.

फेब्रुवारीत आक्काला तपासणीसाठी पुण्याला न्यायचं होतं. पहाटे रोह्याहून निघालो. ताम्हिणी चढून वर आल्यावर मी मोठ्या ऐटीत दांडा लालवर सरकवला. पाच मिनिटांत गाडी अशी तापली की काचा उघडाव्या लागतील. मी आरशातून मागे बघत होतो, आता काही बोलेल म्हणून.

"बंद कर रे मेलं ते," आक्का म्हणाली, "उकडून मारतोस की काय!"